फादर ब्राऊन आणि त्यांचे जनक

फादर ब्राऊन आम्हांला प्रथम भेटले ते सेमिनरीच्या ग्रंथालयात. बुटके, गबाळे, हाती छत्री. पण पापनिवेदन ऐकून ऐकून गुन्हेगाराचे मन ओळखणारे. जी. के. चेस्टरटन यांनी १९१० साली हे पात्र फादर जॉन ओ'कॉनर यांच्यावरून घडविले. पुढे १९२२ मध्ये याच फादरांच्या हस्ते चेस्टरटन कॅथलिक झाले.

त्यांचा १९२० चा 'द न्यू जेरुसलेम' मात्र वाचला आणि मन खट्टू झाले. इंग्लंडमधील यहुद्यांना कोणतेही पद द्यावे, पण त्यांनी अरबी पोशाख करावा, असे तेथे सुचविले आहे. विनोद म्हणून सोडून द्यावे, तर यहुदी परकेच ही धारणा लपत नाही. १९३३ मध्ये हिटलरने चालविलेल्या छळाचा त्यांनी निषेध केला, हेही नोंदविले पाहिजे.

२०१९ साली नॉर्थम्प्टनचे बिशप पीटर डॉयल यांनी त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू करण्यास नकार दिला. कारणांत यहुदीद्वेषाचा प्रश्नही होता. पुष्कळ चाहत्यांना तो अन्याय वाटला. आम्हांस नाही. कथा आवडणे निराळे, वेदीवर बसविणे निराळे. १९२७ च्या कथासंग्रहात फादर ब्राऊन सांगतात की, खुनी आधी स्वतःच्याच अंतरात शोधावा लागतो. त्यांच्या जनकाला या एका बाबतीत ते साधले नाही.

युवकांना आम्ही त्या कथा अजूनही देतो. १९२० चा तो ग्रंथ हातचा राखून ठेवत नाही.