तुरटीचं कुळ

चांदूर रेल्वेतल्या कटिंगच्या दुकानात आरशाखालच्या फळीवर तुरटीचा खडा असतो. वापरून वापरून कडा गोल झालेला, वरून गुळगुळीत, पाण्याचा हात लागला की काचेसारखा दिसणारा. दाढी झाल्यावर तो गालावर फिरवायचा, वस्तऱ्याने कुठे कापलं असेल तर तिथे जरा दाबून धरायचा, हे त्याचं ठरलेलं काम. पण एखादा कॉलेजचा पोरगा पैसे द्यायच्या आधी तोच खडा उचलतो आणि दोन्ही तळहातांवर खसाखसा घासून घेतो. ओल्या हाताने ओली नोट द्यायची त्याला लाज वाटते. दुकानदार ओरडतो, “पयले हात पुसून घे ना बावा, मंग लाव!” खडा विरघळून वाया जातो म्हणून तो ओरडतो. पण या ओरडण्यात रसायनशास्त्र आहे, आणि ते डॉक्टरांना पक्कं उमगायला १९७५ साल उजाडावं लागलं.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा घामाचं कुणाला काय नवल? तळहाताचा घाम मात्र उन्हाचं फारसं ऐकत नाही. तो मनाचं ऐकतो. डिसेंबरच्या थंडीत, गणिताच्या पेपराला, हाताखाली रुमाल घेऊन लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात एखाद-दुसरी असतातच. तळहातावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६०० घामाच्या ग्रंथी आहेत, आणि भीती, घाई, संकोच यांची वर्दी मज्जातंतूंमार्फत त्यांना ताबडतोब पोचते. काहींच्या ग्रंथी कारण नसतानाही चालू राहतात. हे बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतं आणि घराण्यात चालत येतं. एरवी निभावून जातं, पण रेशन दुकानाच्या मशीनवर ओला अंगठा उमटत नाही आणि मागची रांग खोळंबते, तेव्हा माणूस खजील होतो. त्या खजिलीने घाम आणखी वाढतो.

यावर लावायचं औषध शोधताना माणूस तुरटीपाशी कसा पोचला? वाट कापडातून आली. मजिठाचा किंवा आल या झाडाच्या मुळांचा तांबडा रंग सुतावर नुसता चढवला तर धुण्यात निघून जातो. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलं की रंग धाग्याला चिकटून बसतो. आलीची लागवड वऱ्हाडातही होती. १८६९मध्ये युरोपात तांबडा रंग देणारं कृत्रिम अलिझरीन तयार झालं आणि पुढच्या काही दशकांत आल शेतातून गेली. तुरटी राहिली. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘रसरत्नसमुच्चया’त तुवरी (आपली तुरटी) म्हणजे सौराष्ट्रातली माती, आणि तिची ओळख काय, तर कापडाला लावली की मंजिष्ठेचा रंग बांधून ठेवते. म्हणजे वैद्यकाच्या ग्रंथातसुद्धा ओळख सांगितली ती रंगाऱ्याची! त्या भागातल्या तुरटीचा एक जुना स्रोत कच्छमध्ये, माताना मढच्या परिसरात होता.

कातडीवरची तिची ख्यातीही जुनीच. रोमच्या थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात आपल्या विश्वकोशात तुरटीच्या जातीच्या क्षारांचे उपयोग सांगताना काखेचा वास आणि घाम यांचीही नोंद करून ठेवली आहे.

आणि तिसरं काम तर वऱ्हाडातल्या प्रत्येक आजीला ठाऊक. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटीचा खडा चार-सहा वेळा फिरवायचा आणि घागर रात्रभर हलवायची नाही. पाण्यात तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा चिकट, जेलीसारखा साका धरतो, मातीचे बारीक कण त्याला चिकटतात आणि सगळं मिळून तळाशी बसतं. तळहातावर होतं ते याच जातीचं. घामाच्या बारीक नळीच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा क्षार घामातल्या पाण्याला आणि कातडीतल्या प्रथिनांना भेटतो, तिथेच साका धरतो आणि नळीला बूच बसतं. ग्रंथी जिवंतच असते, वाट तेवढी बंद होते. वरचा थर झडला की बूचही जातं, म्हणून हे औषध पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

मग साध्या तुरटीने काम का भागत नाही? घरी तव्यावर तुरटी तापवून पाहिली की तिचा स्वभाव कळतो. आधी ती वितळते, मग बुडबुडे येतात, आणि आतलं पाणी उडून गेलं की पांढरी, हलकी, फसफसलेली लाही उरते. खड्याचं जवळजवळ अर्धं वजन पाण्याचंच असतं. ही लाही कुटून हातांना चोळणारे लोक आहेत. शंखजिरं, कुळथाचं पीठ, हिरड्याचा काढा हेही चालतं. थोडा वेळ बरं वाटतं. पण तळहाताची कातडी जाड, आणि आतून येणारा लोंढा मोठा.

त्याहून जोरकस भावंड तुरटीच्याच घरातलं. १८२५मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेड ॲल्युमिनियम धातू सुटा करण्याच्या खटपटीत होता. त्यासाठी त्याने तापलेल्या ॲल्युमिना-कोळशाच्या मिश्रणावरून क्लोरीन वायू सोडला आणि ॲल्युमिनियम क्लोराईड तयार केलं. घामाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो संबंध जोडला जायला पाऊण शतकाहून जास्त काळ गेला.

आणि इथे या कुळकथेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत एक सर्जन होता. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करताना त्याच्या हातांना घाम सुटायचा, म्हणून त्याने ॲल्युमिनियम क्लोराईडचं आम्लात कालवलेलं लाल पाणी करून घेतलं. त्याची शाळेत शिकणारी मुलगी एडना मर्फी. तिने ते काखेला लावून पाहिलं, आजोबांकडून १५० डॉलर उसने घेतले, ‘ओडोरोनो’ नावाने विकायला काढलं आणि १९१२च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात ठेलाच मांडला. पाणी लाल असल्याने कपड्यांवर डाग पडत, आम्लाने कातडी चुरचुरे, तरी माल खपला. १९१९मध्ये जेम्स वेब यंग या जाहिरातवाल्याने बायकांच्या एका प्रतिष्ठित मासिकात काखेच्या घामाची अशी काही उघड चर्चा केली की सुमारे २०० वाचकांनी चिडून वर्गणी बंद केली. खप मात्र वाढतच गेला.

झालं ते असं, की हातांसाठी केलेलं औषध काखेने पळवलं. त्यात धंद्याचं गणित साधं होतं: काख सगळ्यांना असते, पाणी सुटणारे तळहात थोड्यांनाच. पुढची कित्येक वर्षं सगळी अक्कल काखेची जळजळ कमी करण्यात खर्ची पडली. ज्या हातांपासून सुरुवात झाली त्यांच्या वाट्याला रुमाल आला.

आमच्या भागात पकड महत्त्वाची मानणारे लोक तोवर वेगळ्याच वाटेने जात होते. अमरावतीत १९१४मध्ये वैद्य बंधूंनी व्यायामशाळा काढली. पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून ती नावारूपाला आली आणि तिचं पथक १९३६मध्ये बर्लिनपर्यंत जाऊन आलं. मल्लखांबाला एरंडेल लावायचं आणि हाताला राळेची पूड, ही त्या खेळातली जुनी रीत. घाम थांबवायच्या भानगडीत पडायचं नाही, घामासकट पकड बसवायची.

१९७५मध्ये शेली आणि हर्ली या दोन अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी लावण्याची पद्धतच बदलली. क्षार पाण्याऐवजी शुद्ध अल्कोहोलात विरघळवा, रात्री झोपताना पूर्ण कोरड्या कातडीला लावा, वरून प्लॅस्टिक गुंडाळा, सकाळी धुऊन टाका. कारण ओल्या कातडीवर ॲल्युमिनियम क्लोराईड लावलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, आणि चुरचुर होते ती त्यानेच. शिवाय झोपेत तळहातांचा घाम थंडावलेला असतो, बूच बसायला सवड मिळते. थोडक्यात, पयले हात पुसून घे, मंग लाव. त्यांचे प्रयोगही काखेवरचेच होते, पण नंतर डॉक्टरांनी तीच रीत तळहाताला लावली. काखेला २० टक्क्यांचं द्रावण पुरतं, हाताला ३०-४० टक्क्यांपर्यंत जावं लागतं. पहिले काही दिवस रोज रात्री, फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा. खाज सुटली तर दोन दिवस थांबायचं. आणि घाम फक्त हाताला नसून रात्री अंथरूण भिजत असेल, वजन उतरत असेल, तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा.

खास तळहातासाठी, तुरटीच्या कुळाबाहेरचं, लावायचं औषध २०२३मध्ये जपानने मंजूर केलं: ऑक्सिब्युटिनिनचं लोशन. ते नळीला बूच मारत नाही, मज्जातंतूचा निरोपच ग्रंथीपर्यंत पोचू देत नाही. लावायचं तेही रात्रीच, आणि सकाळी हात धुतल्याशिवाय डोळे चोळायचे नाहीत. डोळ्यात गेलं तर बाहुली मोठी होऊन काही काळ सगळं धूसर दिसतं.