थंडीतली किक

निफाडची थंडी हाडात शिरते. 1984 साली वस्तीवर एकच फटफटी, थोरल्या भावाची राजदूत. पोलंडच्या गाडीवरून बेतलेली, 175 सीसीची, पेट्रोलात ऑइल मिसळून चालायची. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून आधी चोक, दोन-चार रिकाम्या किका, मगच चावी.

पौषातल्या एका पहाटे बायकोला कळा सुरू झाल्या. जीप आणायला पिंपळगाव गाठायचं होतं. घाईत मी नुसत्या किका हाणत सुटलो. प्लग पेट्रोलनं भिजला. आई म्हणाली, "दम धर जरा." पान्यानं प्लग काढला, तिनं तो पुसून निखाऱ्यावर शेकवला. दुसऱ्या किकला गाडी फुरफुरली.

जीप वेळेत आली. ती लेक आता बटण दाबून स्कूटर चालू करते. हे सांगितलं की हसते.