कोयनेचे धाकटे धक्के

श्रोतेहो, भूकंपाचा इतिहास सहसा मोठ्या धक्क्यापासून सांगतात. आम्ही तो धाकट्यांपासून सांगू. १९६२ साली कोयनेच्या जलाशयात पाणी साठू लागले आणि भोवतालच्या गावांना जमिनीखालून सुरुंग उडाल्यासारखे आवाज ऐकू येऊ लागले. लवकरच भूकंपमापक यंत्रे बसली. पण दख्खनचा कातळ अचल, ही समजूत पंडितांचीही होती! १३ सप्टेंबर १९६७ चा धक्का रिश्टर मापाने ५ हून अधिक भरला. तीन महिन्यांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयनानगर कोसळले. सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयाच्या भाराने आणि भेगांत मुरणाऱ्या पाण्याने आधीच ताणलेला खडक सरकतो, असे शास्त्रज्ञ आज मानतात. पाटण-चिपळूणकडे लहान हादरे अजून बसतातच.