वेड पांघरून पेडगावला

आठवीच्या वर्गाला मराठी शिकवताना ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आला की आम्ही जरा थांबतो. माहीत असून माहीत नसल्याचे दाखवणे, हा अर्थ मुले वहीत उतरवून घेतात. पेडगाव आपल्याच जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश याची छावणी तेथे होती. त्याच्या नावावरून तिथल्या किल्ल्याला बहादूरगड म्हणत. आता धर्मवीरगड म्हणतात. १६७४ च्या पावसाळ्यात २,००० मराठे स्वारांनी हूल दिली आणि खान त्यांच्या पाठीमागे पन्नासेक मैल धावला. तेवढ्यात ७,००० स्वार छावणीवर तुटून पडले. एक कोटीचा ऐवज आणि २०० घोडे गेले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी याच खानाशी तहाची बोलणी लावली, फोंड्याचा किल्ला हाती येईपर्यंत ती चालू ठेवली आणि मग मोडली. लोक हा वाक्प्रचार पहिल्या प्रसंगाशी जोडतात. आम्हाला दुसरा त्याच्या अर्थाला जास्त जवळचा वाटतो. पळून दाखवणे वेगळे, भोळे होऊन बसणे वेगळे.

एकदा एका मुलाने विचारले, “सर, इसमें अपनी हँसी उड़ाते क्या?”

आम्ही फळ्यावर दोन शब्द लिहिले : गाफील आणि तगाफुल. दोन्ही एकाच अरबी धातूचे. पहिला मराठीने केव्हाच आपलासा केला. दुसरा गझलेत राहिला; लक्ष असून नसल्याचे दाखवणे, हा त्याचा अर्थ. याच साच्यात जहलपासून तजाहुल होतो, अज्ञानाचे सोंग. मर्जपासून तमारुज, आजाराचे सोंग. (हा शेवटचा मुलांना लगेच कळतो. सोमवारी सकाळी वर्गात तो भरपूर असतो.) खान गाफील राहिला, समोरच्याने तगाफुल केला. खान फसला म्हणून आपण कशाला खाली पाहायचे? आपण काही त्याचे वारस नव्हे.

मुलगा हसला. पण याच पेडगावात फेब्रुवारी १६८९ मध्ये कैद झालेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना विदूषकाचे कपडे चढवून उंटावरून फिरवले गेले. ते सांगितले तेव्हा वर्गात कोणी हसले नाही. मराठीत माणूस सोंग आणतो, सोंग घेतो. दुसऱ्याच्या अंगावर जबरदस्तीने चढवलेल्या सोंगाला काय म्हणायचे, असे मुलांनी विचारले तर फळ्यावर काय लिहावे, हे आम्हाला अजून सुचलेले नाही.