दोष दाखविणाऱ्यांसाठीं उघडलेलें दार

मुलांच्या वह्या तपासण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यानें संगणकाच्या इतिहासावर बोलावें हें कित्येकांस विचित्र वाटेल. पण आजच्या विषयाचें मर्म मला प्रथम उमगलें तें वर्गांतच. "गुरुजी, गणित येत नाहीं," एवढेंच म्हणणाऱ्या मुलाला साहाय्य करणें कठीण. "तिसऱ्या पायरीपर्यंत जमलें, पुढें भागाकार अडला," असें सांगणाऱ्याची अडचण दोन मिनिटांत दूर होते. मात्र असें सांगावयास मुलाला शिकवावें लागतें, आणि तो बोलूं लागला म्हणजे त्याचें ऐकूनही घ्यावें लागतें. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा इतिहास हीच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगत आला आहे.

ओपन सोर्स म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली वाचण्यास, बदलण्यास व वांटण्यास कोणासही मोकळीक असते, असें सॉफ्टवेअर. त्याची परीक्षा पुष्कळ अंशीं तें वापरणारे लोकच हौसेनें करितात. या स्वयंसेवक परीक्षकांना आज्ञावली लिहितां आलीच पाहिजे असें नाहीं. चालवून पाहावें, चुकलें तें टिपावें व कळवावें, इतकेंच त्यांचें काम. परंतु हें "इतकेंच" सोपें करण्यास कित्येक वर्षें लागलीं.

आरंभ एका प्राध्यापकापासून करूं. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डोनाल्ड नूथ यांनीं ग्रंथांची अक्षरजुळणी करणारी 'टेक' ही आज्ञावली रचिली. १९७८ पासून तिच्यांतील प्रत्येक चुकीची नोंद त्यांनीं ठेविली, आणि १९८९ सालीं स्वतःच्या त्या चुकांवर एक दीर्घ निबंधच प्रसिद्ध केला. चूक दाखविणारास ते स्वहस्तें चेक लिहून पाठवीत. ग्रंथांतील चुकीबद्दल २ डॉलर ५६ सेंट. 'टेक'मधील चुकीबद्दलची रक्कम मात्र वाढत वाढत ३२७ डॉलर ६८ सेंटांवर स्थिरावली. कित्येकांनीं ते चेक वटविलेच नाहींत, जपून ठेविले. रकमेपेक्षां मोल होतें तें पोंचपावतीचें: तुमचें म्हणणें वाचलें, पटलें, आणि चूक माझी होती.

पण एका माणसाच्या टेबलावर जें साधलें, तें हजारों माणसांच्या कारभारांत कसें साधावें? २५ ऑगस्ट १९९१ रोजीं लिनस टॉर्वल्ड्स या हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर करून लोकांचीं मतें मागितलीं. तीच पुढें लिनक्स म्हणून प्रसिद्धीस आली. परंतु तिची पहिली आवृत्ति चालविण्यास मिनिक्स नांवाची दुसरी प्रणाली आधीं जवळ असावी लागे. म्हणजे परीक्षेस बसण्यापूर्वींच एक परीक्षा! मार्च १९९४ मध्यें १.० ही आवृत्ति निघाली. त्यानंतर कांहीं वर्षें एक साधी खूण चालली: आवृत्तीचा दुसरा अंक सम असेल तर ती नित्य वापराची, विषम असेल तर प्रयोगाची. कोणत्या पाण्यांत उतरावयाचें हें परीक्षकाला कांठावरच कळूं लागलें.

त्याच १९९४ सालीं लिनक्सवर उभारलेल्या डेबियन या प्रकल्पानें दोषांची सार्वजनिक वही उघडली. तिच्यांत प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळे आणि तिचें पुढें काय झालें हें कोणासही पाहतां येई. १९९८ च्या ३१ मार्च रोजीं नेटस्केप कंपनीनें आपल्या ब्राउझरची आज्ञावली खुली केली, आणि त्याच वर्षीं बगझिला ही दोषांची नोंदवही सर्वांस मोकळी झाली. याहून मोठी सोय दुसरीच होती. आज्ञावलीपासून चालती प्रत तयार करणें हें जाणत्याचें काम; म्हणून रोजच्या रोज तयार प्रती ठेवण्यांत येऊं लागल्या. ज्याला ब्राउझर उघडतां येई, त्याला आतां त्याची परीक्षाही करतां येई. या परिश्रमांतूनच ९ नोव्हेंबर २००४ रोजीं फायरफॉक्सची १.० आवृत्ति बाहेर पडली.

दरम्यान २००० सालीं क्लाउस क्नॉपर यांची नॉपिक्स आली. एक सीडी घालावी, संगणक सुरू करावा, आणि लिनक्स चालून पाहावें. आपल्या घरच्या संगणकावरील कांहींच पुसलें जात नसे. भीति गेली म्हणजे परीक्षक वाढतात, हें येथें दिसून आलें. २००५ सालीं टॉर्वल्ड्स यांनीं गिट हें साधन केलें. त्यांतील बायसेक्ट ही युक्ति तर शाळेंत शिकविण्याजोगी आहे. काल चालणारी वस्तु आज बिघडली, आणि मध्यंतरीं १,०२४ बदल झाले, असें समजा. मधल्या बदलापाशीं प्रत चालवून पाहावी. ती चांगली असेल तर दोष पुढल्या अर्ध्यांत, बिघडलेली असेल तर मागल्या अर्ध्यांत. अशा केवळ १० परीक्षांत अपराधी बदल हातीं लागतो. आज्ञावलीचा एक शब्द न कळणाराही एवढें करूं शकतो.

डोळे पुष्कळ असले म्हणजे दोष लपून राहत नाहींत, असा सिद्धान्त एरिक रेमंड यांनीं १९९७ सालीं मांडला होता. तो खरा, पण अपुरा. ओपनएसएसएल या सुरक्षासाधनाच्या मार्च २०१२ च्या आवृत्तींतून एक घातक दोष जगभर पसरला, आणि एप्रिल २०१४ पर्यंत तो जाहीर झाला नव्हता. त्याला हार्टब्लीड म्हणतात. आज्ञावली त्या दोन वर्षांत कोणासही वाचावयास मोकळीच होती. वाचणारे मात्र थोडे होते. दार उघडें ठेवणें निराळें आणि पाहुण्यास या, बसा म्हणणें निराळें.

हें सारें दूर देशींचें वाटेल, पण तें आपल्या अक्षरांपर्यंत येऊन पोंचतें. 'आचार्यास' बोलाविणें आणि 'आचाऱ्यास' बोलाविणें यांतील अंतर अर्ध्या र च्या आकारावर अवलंबून आहे. हा आकार बिघडला तर हेलसिंकींतील विद्वानाला तें कसें दिसावें? तें मराठी डोळ्यालाच दिसणार.

एका मोफत लेखनसाधनांत मला असाच दोष आढळला. कळवावयास गेलों तों इंग्रजी प्रश्नांची लांबलचक यादी पुढें आली. आवृत्तीचा क्रमांक कोठें पाहावा हेंही मला ठाऊक नव्हतें. मी नाद सोडला. पुढें शेजारची कॉलेजांत जाणारी मुलगी जवळ बसली, तिनें क्रमांक दाखविला, आणि पडद्याचें चित्र जोडून आम्हीं तक्रार धाडली. दुसऱ्याच दिवशीं कोणा अपरिचिताचें उत्तर आलें: "अक्षरांचा फॉन्ट कोणता?" मीं तो कळविला, आणि कांहीं आठवड्यांनीं दोष निघाला. त्या एका प्रश्नानें मला तक्रारदाराचा सहकारी केलें. ती मुलगी नसती, तर तो दोष तसाच राहिला असता, आणि तो कोणीं पाहिला होता हेंही कोणास कळलें नसतें.

म्हणून हीं साधनें घडविणाऱ्यांस माझें सांगणें एवढेंच कीं, प्रश्न थोडे विचारा, जें यंत्राला स्वतः टिपतां येईल तें माणसाकडून लिहवून घेऊं नका, आणि उत्तर अवश्य द्या. आणि श्रोतेहो, आपणांस विनंति अशी कीं, मराठी अक्षर चुकलेलें दिसलें तर हळहळून गप्प बसूं नका. कोठें, केव्हां, काय करतांना चुकलें, तें नीट लिहून कळवा. वर्गांत हात वर करणारा एकच मुलगा पुष्कळदां साऱ्या वर्गाची अडचण सांगत असतो.