सेठी, प्रकाशचंद्र : इंदूर लोकसभा उमेदवारी (१९८९)

काँग्रेसचे ज्येष्ठ नेते प्रकाशचंद्र सेठी यांनी नोव्हेंबर १९८९ मध्ये इंदूर मतदारसंघातून लढवलेली व भाजपच्या सुमित्रा महाजन यांच्याकडून एक लाखाहून अधिक मतांनी हरलेली निवडणूक. ही लढत बहुधा महाजन यांच्या पहिल्या विजयाची हकिगत म्हणून सांगितली जाते. पण हरले कोण, हे पाहिल्याशिवाय तिचे मोल कळत नाही.

सेठी १९६७ व १९७१ मध्ये इथूनच लोकसभेवर गेले. १९७२ ते १९७५ ते मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री होते. चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यापुढे शस्त्रे ठेवली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे ते रेल्वेमंत्री व १९८२ ते १९८४ देशाचे गृहमंत्री झाले. १९८० व १९८४ मध्येही इंदूरने त्यांनाच निवडले. १९८४ ला तर राज्यातल्या चाळीसच्या चाळीस जागा काँग्रेसच्या होत्या.

समोर उभ्या राहिलेल्या महाजन चिपळूणच्या माहेरवाशीण, लग्नानंतर इंदूरच्या सून. नगरसेविका व उपमहापौर एवढीच सत्तापदे त्यांच्या गाठीला होती. १९८५ ची विधानसभा निवडणूक त्या काँग्रेसच्या महेश जोशींकडून हरल्या होत्या. पण प्रवचनांमुळे त्या घरोघरी पोचलेल्या होत्या. राजवाड्याजवळच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. दुकाने बंद झाली की त्याच गल्लीत भुट्ट्याचा कीस, गराडू आणि दहीवडे खायला सारे शहर लोटते आणि गप्पा रंगतात. अशा शहरात माणूस रोजच्या ओळखीचा असणे फार मोलाचे ठरते. महाजन इथे सर्वांच्या ‘ताई’ झाल्या. सत्तरीच्या घरातले सेठी कितीही मोठे असले, तरी त्यांची उमेदीची वर्षे भोपाळ-दिल्लीत गेली होती.

बोफोर्स प्रकरणाने काँग्रेसविरोधी वारे होतेच. भाजपने राज्यात चाळीसपैकी २७ जागा जिंकल्या. तरीही सेठींचा पराभव केवळ लाटेच्या खात्यावर टाकता येत नाही. १९९१ मध्ये वारे फिरले, मध्य प्रदेशात काँग्रेस २७ वर गेली. इंदूर मात्र महाजन यांच्याकडेच राहिले.

सेठी पुन्हा लोकसभेत गेले नाहीत. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले; इंदूरचे पी. सी. सेठी रुग्णालय त्यांच्याच नावाचे. काँग्रेसने पुढे उमेदवार बदलून पाहिले. १९९९ मध्ये महेश जोशींनाच उतरवले, तेही हरले. सर्वांत जवळ पोचले ते २००९ मध्ये सत्यनारायण पटेल : अंतर ११,४८० मतांचे. महाजन सलग आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. २०२४ मध्ये काँग्रेस उमेदवाराने अर्जच मागे घेतला. पक्षाने ‘नोटा’चे आवाहन केले आणि त्या बटणाला २,१८,६७४ मते पडली.