इंजिनाचा श्वास: उघड्या नळीपासून कॅच कॅनपर्यंत

‘माझ्या टर्बो गाडीला कॅच कॅन बसवू का, आणि कुठला?’ हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. उत्तर शेवटी देतोच. पण त्याआधी थोडं मागे जाऊ या, कारण अर्धं उत्तर इतिहासातच आहे.

आधी मूळ अडचण. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट रिंगा बंद करतात. पण रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी दाबामुळे थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. आपले मेकॅनिक याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून ते धूर बघतात, तो हाच. हा वायू कोंडला तर दाब वाढतो आणि सीलमधून ऑइल गळायला लागतं. शिवाय त्यातली वाफ ऑइलमध्ये मिसळून चिखल होतो. म्हणून इंजिनाला श्वास सोडायला वाट हवीच.

जुन्या काळी ही वाट अगदी साधी होती. क्रँककेसमधून एक नळी थेट गाडीच्या खाली सोडलेली असे. गाडी धावू लागली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर खेचला जाई. गाडी उभी असेल तर ओढ नाही, आणि धावत असेल तर सगळा धूर रस्त्यावर! दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून न्यायच्या लष्करी वाहनांना ही उघडी नळी चालण्यासारखी नव्हती. तिथे हा वायू इंजिनातच परत ओढून जाळायची बंदिस्त रचना वापरली गेली. म्हणजे तंत्र हाताशी होतं. सामान्य गाड्यांत मात्र ते यायला बराच काळ गेला.

त्यासाठी लॉस एंजेलिसचं धुरकं कारण ठरलं. कॅल्टेकमधले रसायनशास्त्रज्ञ अरी हागेन-स्मिट आधी अननसाच्या सुगंधावर काम करत होते. 1950 च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं, की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की डोळे चुरचुरवणारं ते धुरकं तयार होतं. पुढे लक्षात आलं, की गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी साधारण एक पंचमांश ते पाव हिस्सा सायलेन्सरमधून येतच नाही. तो या खालच्या नळीतून येतो.

उपाय होता एक छोटी झडप, पीसीव्ही व्हॉल्व्ह. मॅनिफोल्डमधल्या निर्वाताने वायू ओढायचा आणि पुन्हा जाळायचा. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत ती आली, आणि साऱ्या अमेरिकेत 1963 च्या मॉडेलपासून. मधली दोन वर्षं का गेली? 1969 मध्ये अमेरिकी न्याय खात्याने मोठ्या मोटार कंपन्यांवर दावा लावला. प्रदूषण रोखणारी साधनं लांबवण्यासाठी त्यांनी आपसांत संगनमत केलं, असा आरोप होता आणि त्यात या झडपेचाही उल्लेख होता. खटला उभा न राहता त्याच वर्षी तडजोड झाली.

आता गंमत बघा. 1962 मध्येच, म्हणजे ही झडप रुळत असताना, अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेअर मॉन्झा स्पायडर या टर्बोच्या गाड्या बाजारात आल्या. झडपेला निर्वात लागतो, आणि टर्बो मॅनिफोल्डमध्ये हवा दाबून भरतो. मग ओढ कुठून येणार? शिवाय दाब वाढला की रिंगांमधून वायूही जास्त उतरतो. म्हणून आजच्या टर्बो इंजिनांत सहसा दोन वाटा असतात. गाडी शांत चालताना वायू मॅनिफोल्डकडे जातो. टर्बो चढला की एकमार्गी झडप ती वाट बंद करते आणि वायू टर्बोच्या आधीच्या नळीत जातो. त्याच्याबरोबर ऑइलचे बारीक थेंबही जातात. ते इंटरकूलरमध्ये साचतात आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इन्टेक व्हॉल्व्हवर काजळी धरते, कारण तिथे व्हॉल्व्ह धुवायला पेट्रोल येतच नाही.

म्हणून लोक कॅच कॅनकडे वळतात. निवडताना चार गोष्टी बघा.

पहिली, आधी इंजिन तपासा. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी करून घ्या, पीसीव्ही व्हॉल्व्ह बदला. रिंगा झिजल्या असतील तर डबा फक्त आजार झाकतो.

दुसरी, डब्याच्या आत जाळी किंवा पडदे हवेत. रिकाम्या डब्यातून ऑइलचे थेंब सरळ पुढे निघून जातात.

तिसरी, नळ्या ऑइल आणि उष्णता सोसणाऱ्या हव्यात आणि मूळ नळ्यांपेक्षा अरुंद नकोत. वाट अरुंद झाली की क्रँककेसमधला दाब वाढतो. टर्बोचं ऑइल उताराने खाली येतं, ते अडतं, आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुरू होतो.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: डबा बंदिस्त घ्या, म्हणजे गाळलेला वायू परत इंजिनात जाईल असा. वर छोटा फिल्टर लावून वायू मोकळा सोडणारे डबे स्वस्त असतात आणि पीयूसी चाचणीत ते पकडलेही जात नाहीत, कारण ती फक्त सायलेन्सरचा धूर मोजते. पण आपल्याकडे पेट्रोल गाडीला मान्यता देताना क्रँककेसचा वायू बाहेर सुटता कामा नये, अशीच अट असते. मोकळा डबा लावला, की आपण पुन्हा त्या जुन्या उघड्या नळीकडे जातो, तेही दिल्ली-मुंबईच्या हवेत.

आणि डबा वेळोवेळी रिकामा करा. इंदूर, दिल्लीकडच्या थंडीत छोट्या फेऱ्या जास्त होत असतील, तर त्यात पाणी आणि ऑइलचा पांढरट लगदा लवकर साठतो. गाडी रोजच्या वापराची असेल, मूळ रचना शाबूत असेल आणि इंटरकूलर कोरडा असेल, तर माझं उत्तर सरळ आहे: काही बसवू नका, ऑइल वेळेवर बदला.